बूट प्रायोजकाचे, पोरी अनवाणी: वाचकांचे प्रश्न, सोलापुरातून उत्तरं

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की खेळावरच्या किंवा आपल्या भागातल्या फिरस्तीवरच्या प्रायोजित फिल्म कोणी करत असेल, म्हणजे पैसे कंपनीचे आणि गोष्ट आपल्या माणसांची अशा, तर अडलेलं बिनधास्त विचारा. पत्रं भरपूर आली. बार्शी, पंढरपूर, करमाळा, दोन तर पार लातूरहून. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत. मी स्वतः लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली, नवी पेठेत भाड्याच्या खोलीत रात्रभर एडिटिंग करायचे, आणि आता गेली चौदा वर्षं याच कामावर घर चालतंय, त्यामुळे जे सांगतेय ते करून बघितलेलं सांगतेय.

ताई, आमच्या शाळेच्या मुली खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळतात. त्यांच्यावर दहा मिनिटांची फिल्म करायचीय. स्पोर्ट्स शूजचा एक मोठा दुकानदार पैसे द्यायला तयार आहे पण त्याची अट अशी की प्रत्येक मुलीच्या पायात त्याचेच बूट दिसले पाहिजेत. मुली मातीवर अनवाणीच खेळतात, बूट घातले की घसरतात. पैसे सोडवत नाहीत, काय करू?
*एक शिक्षक, माढा तालुका*

सर, मातीवर खेळताना बूट घालायला लावू नका. हे आधी सांगून टाकते मग बाकीचं बोलू.

खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, आठजणी एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेल्या आणि नववी पाठलागावर, तिनं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलटं फिरता येत नाही. सगळा खेळ पायाच्या बोटांवर आणि कमरेच्या हुलकावणीवर आहे. जी पोरगी पाचवीपासून अनवाणी सूर मारतेय तिला नवे बूट चढवले की तिचं पहिलं पाऊलच बदलतं, आणि आपल्या जिल्ह्यात खो-खो न खेळलेला माणूस सापडायचा नाही, त्याला दोन सेकंदात कळतं की हे शूटिंगसाठी घातलेत. मग फिल्म पण गेली आणि दुकानदाराचं नाव पण गेलं. पोरीचा घोटा मुरगळला तर ते वेगळंच, निवड चाचणी तोंडावर असली म्हणजे झालं.

पण दुकानदाराला नुसतं नाही म्हणू नका, त्याला जागा दाखवा. वरच्या पातळीवरचा खो-खो आता मॅटवर गेलाय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला तो मॅटवरच, आणि आपल्या पुरुषांच्या आणि महिलांच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. मातीवरून मॅटवर जाणाऱ्या मुलीला बूट खरोखर लागतात, आणि गावच्या शाळेतल्या मुलीची तिथंच खरी पंचाईत होते कारण तिनं आयुष्यात बूट घालून सूर मारलेला नसतो. तुमच्या मुली जवळपासच्या एखाद्या हॉलमध्ये मॅटवर पहिल्यांदा उतरतील त्या दिवशी कॅमेरा न्या. मुलगी पायरीवर बसून नाडी बांधतेय, शेजारची तिला दुहेरी गाठ मारायला शिकवतेय, मग ती दोन पावलं टाकून बघते आणि थांबते, पुन्हा बघते. एवढा शॉट मिळाला ना तर दुकानदाराला त्याच्या पैशाचं मोल मिळालं, आणि फिल्मला पण एक वळण मिळालं जे तुम्ही लिहून आणलं नसतं. त्याला असं सांगा, "शेठ, पहिल्या सहा मिनिटांत बूट नाहीत, म्हणूनच सातव्या मिनिटाला लोक बूट बघतील." मी हे वाक्य तीन वेगवेगळ्या प्रायोजकांना वापरलंय, दोघांनी ऐकलं.

मला हे कुठं कळलं तेही सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालमीवर फिल्म करत होतो, प्रायोजक एक दूध डेअरी. डेअरीच्या माणसाचा आग्रह की हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, मागं मोठा फ्लेक्स पाहिजे. आम्ही पहाटे बांबू रोवून फ्लेक्स बांधायला घेतला आणि आमचा एक पोरगा गडबडीत पायातल्या बुटांसकट लाल मातीत उतरला. ती माती म्हणजे काय असते, हळद, तेल, ताक, लिंबू घालून महिनोन् महिने मळलेली, पैलवान पण तिला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय आत पाय टाकत नाहीत. वस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी चालू जोड थांबवली, खाली वाकून त्या बुटांचे ठसे हातानं पुसले, नमस्कार केला आणि पोरांना म्हणाले आज जोर-बैठकाच मारा. बास. आमची सकाळ तिथंच संपली. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला एकटी गेले, चप्पल बाहेर काढून भिंतीला टेकून नुसती बसले, कॅमेरा पिशवीतच. आणि तेव्हा बघितलं की सव्वासहाला दुधाचा कॅन सायकलवरून तालमीत येतोच की रोज, त्याच डेअरीचा, कॅनवर नाव पण आहे, आणि एक बारका पैलवान तो दोन्ही हातांनी उचलून आत नेतो आणि बदाम घोटायला बसलेल्यांच्या शेजारी ठेवतो. फ्लेक्सची गरजच नव्हती. तोच शॉट फायनल फिल्ममध्ये गेला आणि डेअरीवाले आजही तो त्यांच्या ऑफिसात लावतात.

आता शूटिंगचं थोडं. कॅमेरा बसलेल्या मुलींच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, उभ्यानं काढलेला खो-खो वरून बघितल्यासारखा सपाट दिसतो. संध्याकाळी साडेपाचनंतर सूर्याकडं तोंड करून काढा, धूळ उजेडात अशी उठते की विचारू नका. पाठीवर पडणारी थाप आणि "खो" हा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, मुलींच्या अगदी जवळ बसून, कारण मैदानाच्या कडेवरून तो येतच नाही. हॉलमध्ये लाइटखाली स्लो मोशन काढायचं असेल तर सेकंदाला १२० ऐवजी १०० फ्रेमवर काढा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, १२० ला लाइट लुकलुकतो आणि ते नंतर एडिटमध्ये काही केल्या जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मुली अठराच्या आतल्या आहेत. मुख्याध्यापकांनी हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही, प्रत्येकीच्या आई किंवा वडिलांची लेखी परवानगी घ्या, मराठीत, आणि त्यात स्पष्ट लिहा की पैसे कोण देतंय आणि फिल्म कुठं कुठं दाखवणार. दुकानदार पुढं त्याच फुटेजचे होर्डिंग करणार असेल तर ती परवानगी वेगळी आणि त्याचा मोबदला पण वेगळा. एका मुलीची आई म्हणाली नको, तर ती मुलगी फ्रेममध्ये नको. तिला एकटीला बाजूला बसवू नका, कोन बदला.

एका कृषी पर्यटन केंद्राची फिल्म मिळालीय, सोलापूर-बार्शी रोडला. मालक म्हणतोय सोलापूर म्हणजे लोकांना रखरखीत वाटतं, तर कोकणासारखं हिरवंगार दाखवा, शूट एप्रिलमध्येच आहे, कमी पडलं तर धबधब्याचे शॉट विकत घ्या. मला पटत नाही पण आपल्याकडं दाखवायला आहे तरी काय?
*एक वाचक, बार्शी*

हा प्रश्न वाचून मला खरंच वाईट वाटलं, तुमच्यावर राग नाही, पण आपणच आपल्या भागाला असं समजतो याचं. आपल्याकडं दाखवायला काय आहे? अहो तुम्ही ज्या रस्त्यावर शूट करताय त्याच रस्त्याला नान्नज आहे!

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक पक्षी आता तिथं दिसणं जवळजवळ संपल्यात जमा आहे, देशातले उरलेसुरले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं आहेत, आणि म्हणूनच मी हात जोडून सांगते की राजस्थानातला माळढोक विकत घेऊन नान्नजच्या फिल्ममध्ये टाकू नका. हे झालेलं मी बघितलंय. माणूस मुंबईहून पोरांना घेऊन येतो, दोन दिवस दुर्बीण घेऊन बसतो आणि रिकाम्या हातानं जातो, परत तो सोलापूरचं नाव काढत नाही. त्यापेक्षा जे आहे ते दाखवा. काळवीट आहेत, लांडगा आहे, माळावरचं गवत आहे. पावसानंतर गवत वाढतं आणि दिवाळीच्या सुमारास ते पिकून सोनेरी होतं, सकाळी सात वाजता त्यात काळवीट उभा असला तर नुसती शिंगं दिसतात गवताच्या वर. कोकणात हे मिळत नाही. अभयारण्यात शूटिंगला वनखात्याची लेखी परवानगी लागते, फी भरावी लागते, आणि व्यावसायिक फिल्म आहे हे अर्जात खरं लिहा, "हौशी फोटोग्राफी" लिहून आत जाऊ नका.

मग हत्तरसंग कुडल बघा. दक्षिण सोलापुरात भीमा आणि सीनेचा संगम, तिथला शके ९४० चा म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये मोजतात, आणि ते बहुमुखी शिवलिंग, त्याच्यावर ३५९ चेहरे कोरलेत. त्याच्यावर बॅटरीचा उजेड बाजूनं, अगदी तिरपा टाकून बघा, समोरून टाकला तर सगळे चेहरे सपाट होतात आणि बाजूनं टाकला की एकेक चेहरा वर येतो. माचणूरला किल्ला आणि खाली भीमेच्या पात्रालगत सिद्धेश्वराचं देऊळ. नळदुर्ग जिल्ह्याबाहेर, धाराशिवमध्ये, पण सोलापुरातून तासाभराचा रस्ता, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, पावसाळ्यात धरण भरलं की वरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि तुम्ही महालाच्या खिडकीत उभं राहून आतून पाणी पडताना बघता. तुमच्या मालकाला धबधबा पाहिजेच असेल तर हा घ्या, पण कधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, चांगला पाऊस झाला तर. आणि फिल्मवर तसं लिहा. "हे दृश्य पावसाळ्यातलं" एवढे तीन शब्द खाली आले की तुम्ही पण मोकळे आणि येणारा पण शहाणा होऊन येतो.

उजनीचं एक सांगायचंच आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पाणी जसं ओसरतं तसा कडेचा गाळ उघडा पडतो आणि त्यात ते चरतात. फिल्मवाले काय करतात, नावाड्याला शे-दोनशे जास्त देतात आणि म्हणतात नाव थेट थव्यात घाल, उडाले की गुलाबी पंख मस्त येतात. नका हो करू असं. लांब पल्ला उडून आलेला पक्षी असतो तो, खायला बसलेला, त्याला दिवसातून दहा वेळा उठवायचं आणि ते पण हॉटेलच्या जाहिरातीसाठी? मी उजनीवर केलेल्या फिल्ममध्ये उडायचा एकच शॉट आहे, त्यासाठी तीन सकाळी नाव बांधून गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी वर घार फिरायला लागली आणि ते आपोआप उठले. नावाडी पण आमच्याबरोबर तिन्ही दिवस बसला, त्याची तीन दिवसांची मजुरी मी बजेटमध्ये आधीच धरली होती. चहा त्याच्या घरून यायचा.

तर एप्रिलचं शूट. मालकाला सांगा एप्रिलमध्ये हिरवं मिळणार नाही, पण हंगाम विकायला काय हरकत आहे? जानेवारीत हुरडा असतो, त्याची फिल्म जानेवारीत करू. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजायची, गरम कणीस हातात घेऊन चोळायचं, तळहात काळे होतात, मग शेंगा चटणी आणि दही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे पर्यटनाच्या फिल्ममध्ये सांगायला नको का? एप्रिलमध्ये करायचंच असेल तर पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर, मधल्या वेळेत कॅमेरा पण तापून बंद पडतो आणि माणसं पण. रात्रीचं आकाश घ्या, गच्चीवर पाण्याचा सडा मारून अंथरलेली सोलापुरी चादर घ्या. उन्हाळा लपवू नका, उन्हाळ्यात माणूस इथं कसा राहतो ते दाखवा.

आणि मालक अजिबातच ऐकत नसेल तर त्याला कायद्याचं सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२२ साली आल्यात, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, पहिल्या वेळेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जे रिसॉर्टवर नाही ते आहे म्हणून दाखवणं म्हणजे दिशाभूलच.

"सशुल्क" किंवा "प्रायोजित" असं लिहिलं की लोक व्हिडिओ पुढं ढकलतात. शेवटी पाटीत बारीक लिहिलं तर चालेल का? मला तर पैसे पण नाही मिळाले, नुसती सायकल मिळाली.
*एक वाचक, सोलापूर*

नाही चालणार. सायकल मिळाली म्हणजे मोबदला मिळालाच, फुकट राहणं, फुकट वस्तू, सवलत, सगळं त्यात धरतात. सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात, फिल्म मराठी असेल तर मराठीत लिहा आणि तोंडानं पण सांगा. यूट्यूबवर अपलोड करताना पेड प्रमोशनचा पर्याय असतो तो टिक करा, मग सुरुवातीचे दहा सेकंद ते तिथं दिसतं. हॅशटॅगच्या ढिगात लपवून टाकायचं नाही.

लोक पळतात हे मला मान्य नाही. माझ्या फिल्मची सुरुवात अशी असते: "या फिल्मचा खर्च अमुक कंपनीनं केलाय. काय दाखवायचं ते आम्ही ठरवलंय." दुसरं वाक्य खरं असेल तरच म्हणायचं अर्थात. कट्ट्यावर भेटणारी माणसं मला सांगतात की हे ऐकल्यावर पुढचं आम्ही जास्त विश्वासानं बघतो. आपल्याकडं जत्रेत, कुस्तीच्या फडात इनाम कोणी लावलं त्याचं नाव पहिलंच पुकारतात की माइकवरून, त्यानं कुस्ती खोटी होत नाही.

सायकलचं अजून एक. वर्षभरात एकाच कंपनीकडून वीस हजारांच्या वरची वस्तू कामाच्या बदल्यात मिळाली आणि तुम्ही ती ठेवून घेतली तर त्याच्यावर दहा टक्के टीडीएसचा विषय येतो. शूट करून परत दिली तर नाही. आधीच विचारून घ्या, मार्चमध्ये धावपळ नको.

कोटेशन कसं काढायचं? प्रत्येक वेळेला मी कमी सांगतो आणि शेवटी पदरचे जातात. एका प्रायोजकानं तर अकरा वेळा बदल सांगितले.
*एक वाचक, पंढरपूर*

अकरा वेळा बदल त्यानं सांगितले कारण कागदावर किती वेळा ते लिहिलं नव्हतं. मी दोन वेळा लिहिते, तिसऱ्यापासून प्रत्येक वेळेचे पैसे. निम्मे पैसे शूटच्या आधी, तीस टक्के शूट संपल्यावर, वीस टक्के फायनल फाइल द्यायच्या आधी. आधी, नंतर नाही. माझे एकदा शेवटचे वीस टक्के दीड वर्ष अडकले होते, गणपतीत पोरांचे पगार द्यायला अंगठी मोडावी लागली, तेव्हापासून पेनड्राइव्ह पैसे आल्याशिवाय टेबलावरून हलत नाही, पाहुणा असला तरी.

लोक विसरतात ते खर्च सांगते: रेकीचा, म्हणजे शूटच्या आधी जागा बघून यायचा दिवस (हा शूटच्या दिवसाइतकाच खर्चिक असतो), परवानग्यांची फी, स्थानिक माणसाचा रोज, गाण्याचे हक्क, हार्डडिस्क, आणि पावसाचा एक राखीव दिवस. खेळाडूचं मानधन पण त्यात पाहिजे. प्रायोजक म्हणतो त्याला प्रसिद्धी मिळतेय की, पण प्रसिद्धीनं खुराक येत नाही.

कच्चं फुटेज कोणाचं, किती वर्षं वापरायचं, कुठल्या माध्यमात, हे पण लिहा. मी दोन वर्षं डिजिटल एवढंच देते. आणि वर्षाला वीस लाखांच्या वर उलाढाल गेली तर जीएसटी नोंदणी लागते, त्यावर अठरा टक्के, ते कोटेशनमध्ये "वेगळा" असं लिहायला विसरू नका नाहीतर ते पण पदरचेच.

सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ल्याचा ड्रोन शॉट पाहिजे. माझा ड्रोन छोटाच आहे, चालतंय का?
*एक वाचक, होटगी रोड*

तुम्ही होटगी रोडला राहता म्हणजे विमानतळाच्या शेजारीच! आता तिथून प्रवासी विमानं उडतात, त्यामुळे पूर्वी पोरं जशी गच्चीवरून ड्रोन सोडायची ते दिवस गेले. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर नकाशा असतो, हिरवा भाग म्हणजे ४०० फुटांपर्यंत चालतं, पिवळ्याला परवानगी, लाल म्हणजे विषय सोडा. विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्याची मर्यादा पण २०० फुटांवर येते, आणि आठच्या आत तर परवानगीशिवाय उडवायचंच नाही, तलाव आणि किल्ला त्यातच येतात.

२५० ग्रॅमच्या आतला असेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याच्या वरचा असेल आणि तुम्ही पैसे घेऊन काम करताय तर लागतं, "घरगुती वापर" म्हणता येणार नाही. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, त्यांची परवानगी वेगळी. देवस्थानाला वेगळं विचारा. एवढं सगळं करून पण मला विचाराल तर तलावाचा खरा शॉट खालून आहे, पहाटे धुकं असताना पाण्याच्या कडेनं, देवळाचं प्रतिबिंब हलत असतं आणि अंघोळ करून आलेली माणसं ओल्या पायानं पुलावरून जातात. ड्रोननं तो कधीच येत नाही.

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेची फिल्म करतोय. एका गेमिंग ॲपचे लोक बाकी कोणी देणार नाही एवढे पैसे देतायत.
*एक वाचक, मोहोळ तालुका*

घेऊ नका. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांची जाहिरात, दोन्हीवर बंदी घालणारा कायदा केंद्रानं २०२५ मध्ये केलाय, जाहिरात करणाऱ्याला पण दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे त्यात. कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. त्या मैदानाच्या कडेला बसलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं मोबाइलवर काय करतात ते तुम्ही पण बघितलंय आणि मी पण, आमच्या गल्लीतल्या एकाच्या वडिलांनी त्यापायी यंत्रमाग विकलाय. ट्रॅक्टरचा डीलर, बी-बियाणांचं दुकान, पतसंस्था, चादरीचा कारखाना, अशा चार-पाच ठिकाणांहून थोडे थोडे जमवा. वेळ लागतो पण जमतं, माझी पहिली क्रिकेटवरची फिल्म सहा दुकानांनी मिळून केली होती.

सोलापूर ते पंढरपूर सायकल राइडवर फिल्म आहे, सायकल कंपनी प्रायोजक. मागं अभंग लावायचाय. तुकोबांचे अभंग तर सगळ्यांचेच, मग यूट्यूबनं क्लेम का टाकला?
*एक वाचक, सोलापूर*

शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचेच. पण तुम्ही जो लावला तो कोणीतरी चाल दिलेला, कोणीतरी गायलेला, कोणत्यातरी कंपनीनं रेकॉर्ड केलेला. रेकॉर्डिंगवर प्रकाशनापासून साठ वर्षं हक्क असतो आणि संगीतकाराच्या चालीवर तर त्याच्या पश्चात साठ वर्षं. म्हणून एक करा, वाटेतल्या कुठल्याही गावात संध्याकाळी हरिपाठ चालतो, तिथं जा, परवानगी घ्या, पारंपरिक चालीतला अभंग त्यांच्याकडून रेकॉर्ड करा, लेखी घ्या, मानधन द्या. टाळ थोडा पुढंमागं होईल, होऊ दे. साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारून आलेल्या माणसाच्या धापेबरोबर तोच आवाज बसतो.

आणि हो, वारीच्या काळात करणार असाल तर रिंगणात प्रायोजकाची टी-शर्ट घालून घुसू नका. अकलूजचं रिंगण असो की वाखरीचं, अश्व सुटतो तेव्हा लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात, तिथं लोगो मला बघवत नाही. सायकल कंपनीला सांगा सायकली गावाबाहेर लावून चालत आलो, त्याचा शॉट घ्या, त्यात त्यांचा मान वाढेल. रस्त्यावर शूट करताना हायवेला गाडीच्या डिकीत बसून, दार उघडं टाकून सायकलस्वार काढतात, ते पण बंद करा. गावातला आतला रस्ता घ्या, एक माणूस झेंडा घेऊन पुढं, एक मागं.

कुस्तीच्या मैदानात हलगीचा आवाज नेहमी फाटतो. कुठला माइक घेऊ?
*एक वाचक, अकलूज*

माइक आहे तोच चालेल, जागा बदला. हलगीच्या समोर धरू नका, वादकाच्या खांद्यामागून दहा-बारा फुटांवर ठेवा, वाऱ्यासाठी वर केसाळ टोपी घाला. आणि हलगीवाला सुरुवातीला हळू वाजवतो, खरा जोर शेवटच्या जोडीला काढतो, लेव्हल सकाळच्या आवाजावर लावली की संध्याकाळी फाटणारच. आधीच त्याच्याशी बोला, दोन मिनिटं शेवटच्या कुस्तीसारखं वाजवून दाखवा म्हणा, त्या आवाजाला रेकॉर्डरचा काटा मायनस बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावून ठेवा, मग दिवसभर हात लावू नका. दुसरा रेकॉर्डर अजून खाली लावून प्रेक्षकांत ठेवा, तो हमखास कामी येतो. ती दोन मिनिटं तो तुमच्यासाठी वाजवतोय, त्याचं मानधन पण कोटेशनमध्ये एक ओळ करून लिहा.